ड्युपाँट : वाढीची कथा आणि नदीकडची बाजू

डेलावेअर आणि फिलाडेल्फियाच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नव्याने सांगायला नको, की भारतातून पाहुणे आले म्हणजे त्यांना दाखवायची ठिकाणे ठरलेली असतात. पहिल्या शनिवारी लिबर्टी बेल, दुसऱ्या शनिवारी लाँगवुड गार्डन्स, आणि पाहुण्यांचे गुडघे साथ देत असतील तर हॅगली. लाँगवुडची बाग पिअर ड्युपाँट यांनी फुलवली. हॅगली हे ड्युपाँट कंपनीचे मूळ पीठ : ब्रँडीवाइन नदीच्या काठचे बंदुकीच्या दारूचे कारखाने, आता संग्रहालय म्हणून जतन केलेले. ‘ब्रँडीवाइन नदीकाठी दारूचा कारखाना’ म्हटल्यावर प्रत्येक पाहुणा एकदा तरी हसतोच.

मी रासायनिक अभियंता, त्यातून मुंबईच्या यूडीसीटीचा. त्यामुळे हॅगलीत गाइडने तोंड उघडण्यापूर्वीच माझे व्याख्यान सुरू होते. १८०२ मध्ये लाव्हाझिएच्या हाताखाली शिकलेल्या एका फ्रेंच तरुणाने इथे दारूचा कारखाना काढायला घेतला. तिथून रंग, सेलोफेन, नायलॉन, टेफ्लॉन, केव्हलार. तिथून सगळे जग. विविधीकरण, संशोधन आणि जागतिक विस्तार या तीन पायऱ्यांनी कंपनी कशी वाढते याचे पाठ्यपुस्तकात घालावे असे उदाहरण! हे व्याख्यान मी आई-वडिलांना दिले, दोन्हीकडच्या काकांना दिले, मंडळाच्या युवा शिबिरातही एकदा दिले. सगळ्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचे थोरले बंधू आमच्याकडे आले. त्यांना आम्ही सगळेच ‘भाई’ म्हणतो. फोंडा तालुक्यात शाळामास्तर होते, आता निवृत्त. स्वतःचे छोटेसे कुळागर सांभाळतात. हॅगलीत दारू घोटायच्या गिरण्या अजून उभ्या आहेत. प्रत्येक गिरणीला तीन बाजूंनी दगडाच्या जाडजूड भिंती, आणि नदीकडची चौथी बाजू मुद्दाम कच्ची, वर हलके छप्पर. हेतू असा, की स्फोट झालाच तर त्याचा जोर नदीवर निघून जावा आणि शेजारची गिरणी वाचावी. आत काम करणारा माणूस अर्थातच त्या जोराबरोबर जाई. कामगारांच्या बोलीत अशा माणसाला ‘नदीपलीकडे गेला’ म्हणत.

भाईंनी ते सगळे नीट पाहिले आणि विचारले, “मालक कुठे राहायचा?”

मी टेकडीवरचे घर दाखवले. गिरण्यांपासून हाकेच्या अंतरावर.

“म्हणजे त्याच्याही खिडक्या फुटत असणार,” भाई म्हणाले आणि पुढे चालू लागले.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही विचारला नव्हता. भाई परत गेल्यावर मी कपाटातली ड्युपाँटवरची पुस्तके पुन्हा काढली. हा लेख म्हणजे त्या फेरवाचनाचे टिपण आहे. या पुस्तकांनी मला काय शिकवले, काय शिकवले नाही, आणि त्यांच्या भरवशावर मी एकदा काय लिहून बसलो, हे सांगायचे आहे.

टेकडीवरचे घर

पहिल्या शतकातल्या ड्युपाँटबद्दल एक गोष्ट मान्य करावीच लागते. मालक धोक्याच्या टप्प्यात राहत होते. १८११ च्या नियमांत असे होते, की नवी किंवा दुरुस्त केलेली गिरणी मालकांपैकी कुणीतरी स्वतः चालवून दाखवल्याशिवाय कामगाराने तिच्यात पाऊल टाकायचे नाही. १८१८ च्या मोठ्या स्फोटात तीसहून अधिक माणसे गेली, त्यानंतर विधवांना पेन्शन देण्याची पद्धत सुरू झाली. १८५७ मध्ये अॅलेक्सिस ड्युपाँट स्फोटात दगावले. १८८४ मध्ये लामो ड्युपाँट न्यू जर्सीतील रेपॉनो येथे नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात गेले. हे दोघेही घरचेच होते.

याला मी थोरपणा म्हणत नाही. कामगार मेले त्या मानाने मालक फारच थोडे मेले. पण निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा एकाच आवाजाने दचकत होते, एवढे खरे. सुरक्षिततेचा जो लौकिक या कंपनीने पुढे दीडशे वर्षे मिरवला आणि ज्याचे प्रशिक्षण तिने इतर कारखान्यांना विकलेसुद्धा, त्याचे मूळ मला त्या टेकडीवरच्या घरात दिसते.

वाढ झाली म्हणजे हे अंतर वाढले, असे माझे या लेखातले म्हणणे आहे. विविधीकरणाने वाढले, संशोधनाने वाढले आणि जगभर पसरल्याने तर फारच वाढले. कंपनीवरची पुस्तके वाढ मोजतात, अंतर मोजत नाहीत.

चँडलरचा तक्ता

व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्या वाचकांना आल्फ्रेड चँडलर हे नाव परिचयाचे असेल. जन्म डेलावेअरचा, मधले नावच ‘ड्युपाँट’. त्यांचे ‘स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर’ हे पुस्तक १९६२ मध्ये आले आणि ड्युपाँट, जनरल मोटर्स, स्टँडर्ड ऑइल व सिअर्स या चार कंपन्यांच्या आधारे त्याने एक सिद्धांत मांडला : आधी धोरण बदलते, मग त्याला साजेशी रचना करावी लागते.

ड्युपाँटचे प्रकरण त्यात सर्वांत रंगतदार आहे. १९१२ मध्ये मक्तेदारीविरोधी खटल्यात कंपनीचे तुकडे पडले, हर्क्युलिस आणि अॅटलस वेगळ्या झाल्या. पाठोपाठ पहिले महायुद्ध आले आणि दारूगोळ्यात अफाट पैसा मिळाला. युद्ध संपल्यावर ते कारखाने, ती माणसे आणि तो पैसा यांचे करायचे काय? उत्तर होते विविधीकरण : कृत्रिम चामडे, रंग, वॉर्निश, सेल्युलॉइड. पण झाले भलतेच. रंग जितका जास्त खपे तितका तोटा जास्त! छोटे छोटे रंगवाले नफ्यात आणि ड्युपाँट तोट्यात. कारण दारू मोजक्या गिऱ्हाइकांना टनांनी विकायची असते, तर रंग हजारो दुकानांत डब्यांनी विकायचा असतो, आणि कंपनीत मात्र सगळ्या मालासाठी एकच खरेदी खाते, एकच उत्पादन खाते, एकच विक्री खाते. अध्यक्ष इरेने ड्युपाँट यांचा फेररचनेला विरोध होता. शेवटी तोट्याने त्यांना नमवले. १९२१ मध्ये प्रत्येक मालाचे स्वतंत्र खाते झाले, त्याची खरेदी, उत्पादन आणि विक्री त्याच्याकडे, आणि वर मुख्य कचेरी फक्त भांडवलावरचा परतावा पाहणार. तो परतावा मोजण्याचे डोनाल्डसन ब्राउन यांचे सूत्र आजही एमबीएच्या मुलांना ‘ड्युपाँट चार्ट’ म्हणून शिकवतात.

चँडलर हे फार स्वच्छ सांगतात. त्यांची भाषा रुक्ष आहे, पण कोणता माणूस कोणत्या अडचणीमुळे कोणत्या निर्णयाला आला, हे त्यांच्याइतके नेमके क्वचितच कुणी लिहिले असेल. विविधीकरण म्हणजे ‘अजून चार वस्तू काढू’ असे समजणाऱ्या आपल्याकडच्या कारखानदारांनी हे प्रकरण जरूर वाचावे. वस्तू वाढवणे सोपे, त्या वस्तूंना पेलेल अशी कंपनी घडवणे अवघड.

मात्र या फेरवाचनात माझे लक्ष दुसरीकडे गेले. विल्मिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाला कधीही न पाहिलेल्या कारखान्याबद्दल निर्णय घेता यावा, याचसाठी तो तक्ता होता. आकडा प्रवास करू शकतो, वास करू शकत नाही. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील डीपवॉटरच्या कारखान्यात पेट्रोलमध्ये घालायचे टेट्राएथिल शिसे तयार होत होते. त्याच्या विषबाधेने कामगारांना नसलेले किडे उडताना दिसत आणि ते हवेत हात मारीत. त्या इमारतीला कामगारांनीच ‘फुलपाखरांचे घर’ असे नाव दिले होते. काहीजण वेडाच्या झटक्यात दगावले. चँडलरच्या सिद्धांताचा काळ आणि या फुलपाखरांचा काळ एकच. पुस्तकात शिशाला जागा नाही, कारण ज्या रचनेचा तो अभ्यास आहे तिच्या तक्त्यातही शिशाचा रकाना नव्हता. लेखकाने कंपनीचीच मोजपट्टी उचलली, एवढाच माझा आक्षेप आहे.

नायलॉनची भूल

दुसरे पुस्तक डेव्हिड हाउन्शेल आणि जॉन केन्ली स्मिथ यांचे, ‘सायन्स अँड कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी’, १९८८. सातशेहून अधिक पाने. कंपनीने खर्च केला, दप्तर उघडे केले आणि तरीही लेखकांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. कंपनीच्या पैशावर लिहिलेला इतका चिकित्सक इतिहास माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

या पुस्तकाचे मोठे योगदान असे, की ते नायलॉनच्या दंतकथेची उकल करते. दंतकथा आपल्याला ठाऊक आहे. १९२७ मध्ये चार्ल्स स्टाइन यांनी कंपनीत शुद्ध संशोधनाचा आग्रह धरला, १९२८ मध्ये हार्वर्डहून वॉलेस करोदर्स आले, १९३० मध्ये निओप्रीन आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये नायलॉन ६,६ हाती लागले. (६,६ कशासाठी? हेक्सामेथिलीन डायअमाइन आणि अॅडिपिक आम्ल या दोन घटकांत कार्बनचे सहा-सहा अणू असतात म्हणून. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो गोव्यात भेटणार आहे.) १९४० च्या मे महिन्यात पायमोजे देशभर विक्रीला आले आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. करोदर्स ते पाहायला नव्हते. दीर्घ नैराश्यानंतर १९३७ मध्ये त्यांनी आत्महत्या केली होती.

कंपनीने यातून धडा घेतला तो असा : हुशार माणसे आणा, त्यांना मोकळे सोडा, नवा नायलॉन मिळेल. लेखक दाखवतात की नायलॉन असा एकट्या प्रतिभेतून आलाच नव्हता. वेस्ट व्हर्जिनियात अमोनिया करताना उच्च दाबाची रसायनक्रिया हाताशी आली होती, रेयॉनमुळे धागा काढायची आणि विकायची सवय होती, आणि रेशमाची बाजारपेठ आयती होती. म्हणजे आधीच्या विविधीकरणाने नंतरच्या संशोधनाला जमीन करून ठेवली होती. युद्धानंतर कंपनी पुढची कित्येक दशके ‘नवे नायलॉन’ शोधत राहिली. ऑर्लॉन, डेक्रॉन, लायक्रा मिळाले. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांना केव्हलारची वाट सापडली. पण खर्च वाढत गेला आणि तसा नफा पुन्हा मिळाला नाही. कॉरफॅम नावाचे कृत्रिम चामडे १९६० च्या दशकात मोठा गाजावाजा करून आणले, आणि १९७१ मध्ये कोट्यवधी डॉलर बुडवून ते गुंडाळावे लागले.

आपल्यापैकी अनेकांनी या देशातल्या संशोधनशाळांत आयुष्य काढले आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून आलेल्या उमा चौधरी २००६ मध्ये ड्युपाँटच्या मुख्य विज्ञान-तंत्रज्ञान अधिकारी झाल्या तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता. म्हणून हे पुस्तक आपल्याला जवळचे वाटते. त्यात प्रयोगशाळा आहे, वरिष्ठांशी होणारे मतभेद आहेत, बंद पडलेल्या प्रकल्पांचे दुःख आहे.

पण ते प्रयोगशाळेच्या आणि मुख्य कचेरीच्या खिडकीतून लिहिले आहे. कुंपणाबाहेरच्या माणसाला त्यात फारशी जागा नाही. संशोधनाने नवी वस्तू मिळते तसे नवे ज्ञानही मिळते, आणि ते ज्ञान नेहमीच सोयीचे नसते. कंपनीच्याच हॅस्केल प्रयोगशाळेत विल्हेल्म ह्यूपर यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की रंगद्रव्यांच्या कारखान्यातील बीटा-नॅफ्थिलामाइनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो. हे आजच्या कुठल्याही व्याख्येने अव्वल संशोधनच होते. १९३७ मध्ये ह्यूपर यांना कंपनी सोडावी लागली. वाढीच्या कथेत नायलॉनचे संशोधन ‘संशोधन’ ठरते, ह्यूपरचे ‘अडचण’ ठरते. संशोधनाने कंपनी वाढते, हे वाक्य पुरे करायचे तर कोणत्या संशोधनाने, असे विचारावे लागते.

ओहायोकाठचे पाणी

तिसरे पुस्तक रॉब बिलट यांचे ‘एक्स्पोझर’, २०१९. त्याच वर्षी टॉड हेन्स यांचा ‘डार्क वॉटर्स’ हा चित्रपट आला. अनेकांनी तो पाहिला असेल, म्हणून कथा थोडक्यात सांगतो. वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यात टेफ्लॉन बनवताना सी-८ म्हणजे पीएफओए हे रसायन १९५१ पासून वापरले जाई. १९९८ मध्ये विल्बर टेनंट नावाचा एक शेतकरी आपल्या मेलेल्या गुरांच्या व्हिडिओफिती घेऊन बिलट यांच्याकडे आला. बिलट हे रसायन कंपन्यांचीच बाजू मांडणारे वकील. टेनंट कुटुंबाने विकलेल्या जमिनीवर कंपनीने कचऱ्याचे आवार केले होते, आणि तिथून येणाऱ्या ओहोळावर गुरे पाणी पीत होती. ज्या भावाची जमीन होती, तो कारखान्यातच मजुरी करीत होता.

खटल्यात कागद बाहेर आले. प्राण्यांच्या यकृतावर परिणाम होतो हे कंपनीच्या विषतज्ज्ञांना १९६१ मध्ये दिसले होते. आजूबाजूच्या गावांच्या नळाच्या पाण्यात हे रसायन उतरले आहे, हे कंपनीला १९८४ मध्ये कळले होते. गावांना ते कळायला आणखी सुमारे १७ वर्षे जावी लागली. २००४ च्या तडजोडीतल्या पैशातून सुमारे ६९,००० रहिवाशांच्या रक्ताची तपासणी झाली, आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या मंडळाने सहा विकारांशी संभाव्य संबंध नोंदवला. त्यांत मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग होता. २०१७ मध्ये सुमारे ३,५५० दाव्यांसाठी ६७ कोटी डॉलरची तडजोड झाली.

पुस्तक चित्रपटापेक्षा उजवे आहे. कागदांच्या खोक्यांतून एकेक तारीख जुळवत जाण्याचा कंटाळवाणा, चिवट उद्योग त्यात प्रामाणिकपणे येतो. चित्रपटात मार्क रफेलोने ती चिकाटी चांगली दाखवली आहे, पण एकटा वकील आणि सूटबूटातले खलनायक यापलीकडे तो जात नाही. मी पडद्यावर ज्या माणसाला शोधत होतो तो शेवटपर्यंत आला नाही. तो माणूस म्हणजे आपल्यासारखा, मधल्या फळीतला अभियंता. ज्याने नमुना घेतला, अहवाल टाइप केला, वरच्या साहेबाला दिला, आणि संध्याकाळी मुलीला व्हायोलिनच्या क्लासला सोडले. तो दुष्ट नव्हता, तरीही १७ वर्षे गेली. ती कशी गेली हे कळले तरच या कथेचा आपल्याला काही उपयोग आहे.

याचे उत्तर चँडलरच्या तक्त्याजवळ सापडते असे मला वाटते. नळाचे पाणी पिणारे लोक कारखान्याच्या शेजारी, निर्णय घेणारे शेकडो मैलांवर विल्मिंग्टनमध्ये, आणि मध्ये खात्यांची उतरंड. प्रत्येक पायरीवर प्रश्न थोडा लहान होत जातो. गावातल्या विहिरीचा प्रश्न वर पोचेपर्यंत ‘दायित्वाचा एक विषय’ झालेला असतो.

केरीचे पठार

आता गोव्याकडे यायचे, आणि माझ्याकडेही.

ड्युपाँट भारतात फार उशिरा आली. १९२९ मध्ये तिने ब्रिटनच्या आयसीआयशी तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार केला. त्यात ब्रिटिश साम्राज्याचा बहुतेक प्रदेश, म्हणजे अर्थातच भारतही, आयसीआयच्या वाट्याला गेला. अमेरिकन न्यायालयाने १९५२ मध्ये ही वाटणी मोडली. १९५८ मध्ये कंपनीने आंतरराष्ट्रीय विभाग काढला. त्याच विस्ताराचा एक टप्पा म्हणजे थापर समूहाबरोबर गोव्यात नायलॉन ६,६ चा कारखाना. जागा फोंडा तालुक्यातले केरी, तिथले भूतखांबचे पठार. पठाराखाली झऱ्यांवर जगणारी कुळागरे. गावकऱ्यांना पाण्याची धास्ती होती आणि भोपाळ विसरायला दहा वर्षे पुरेशी नव्हती. आंदोलन चिघळले. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला. त्यानंतर प्रकल्प गोव्यातून हलला.

त्या दिवसांत भाईंचे एक पत्र मला आले होते. आंतर्देशीय पत्रावर नव्हे, चांगले चार पानी. तुम्ही त्याच धंद्यातले आहात, आम्हाला काय वाटावे ते सांगा, असा त्याचा मथितार्थ. मी सहा पानी उत्तर लिहिले. नायलॉनचा इतिहास लिहिला, करोदर्स लिहिला. भोपाळचा वायू आणि नायलॉनचे घटक यांची तुलना अशास्त्रीय आहे हे समजावले. ते तसे बरोबरही होते. आणि शेवटी लिहिले, की या कंपनीची सुरक्षिततेची परंपरा पावणेदोनशे वर्षांची आहे, अमेरिकेत तिच्या कारखान्यांच्या शेजारी राहणारी माणसे नळाचे पाणी निर्धास्तपणे पितात.

पार्कर्सबर्गच्या पाण्याबद्दल कंपनीला कळून तेव्हा ११ वर्षे झाली होती. हे मला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण जे मला ठाऊक नव्हते ते मी ठामपणे लिहिले, आणि कशाच्या जोरावर? कंपनीच्या पुस्तकांच्या आणि हॅगलीच्या सहलींच्या. टेफ्लॉनचा कारखाना वेगळा, नायलॉनचा वेगळा. केरीत कारखाना झाला असता तर तिथले पाणी बिघडलेच असते, असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. गावकऱ्यांचा प्रश्न मात्र रसायनशास्त्राचा नव्हताच. बिघडले तर आम्हाला कोण सांगणार, आणि कधी, हा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना नायलॉनचे सूत्र कळवले.

नाव बदलते तेव्हा

कथेचा उत्तरार्ध थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९८१ मध्ये कंपनीने कोनोको ही तेल कंपनी घेतली आणि १९९९ पर्यंत सोडली. त्याच वर्षी बियाण्यांची पायोनिअर पूर्ण घेतली. २००४ मध्ये धाग्यांचा धंदा कोक समूहाला विकला. डेलावेअरमधील सीफर्डचा जगातला पहिला नायलॉन कारखानाही त्यात गेला. २०१५ मध्ये टेफ्लॉन आणि त्याबरोबरची दायित्वे केमोर्स या नव्या कंपनीत गेली. २०१७ मध्ये डाऊशी विलीनीकरण झाले, आणि २०१९ मध्ये त्याचे तीन तुकडे : डाऊ, कोर्टेव्हा आणि नवी ड्युपाँट. त्याच वर्षी केमोर्सने आपल्या जननी कंपनीवरच खटला भरला, की दायित्वांचा आकडा आम्हाला कमी सांगितला. २०२१ मध्ये त्यांनी खर्च वाटून घ्यायचे ठरवले आणि २०२३ मध्ये तिन्ही कंपन्यांनी मिळून पाणीपुरवठा संस्थांना सुमारे ११८ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. दरम्यान पीएफओएच्या जागी आणलेले जेन-एक्स नॉर्थ कॅरोलिनात केप फिअर नदीत सापडल्याचे २०१७ मध्ये उघड झाले होते.

वित्तशास्त्राच्या भाषेत याला मूल्य मोकळे करणे म्हणतात. मला यात अंतराचा शेवटचा टप्पा दिसतो. आधी मालक टेकडीवरून शहरात गेला, मग कारखाना दुसऱ्या राज्यात, मग दुसऱ्या देशात. शेवटी पाटीवरचे नावच निघून गेले. पार्कर्सबर्गच्या आजीबाईने तक्रार करायची तर आता कुणाच्या दारात जायचे, हे समजायला तिला वकील लागतो.

माझा स्वतःचा अनुभव फार वेगळा नाही. मी ज्या मध्यम आकाराच्या कंपनीत २६ वर्षे काढली तिचे नाव इथे घेण्याचे कारण नाही. एका कारखान्यातली उत्पादनाची एक शाखा आम्ही विकली तेव्हा हस्तांतराचे कागद मी तयार केले होते. मागच्या बाजूला एक जुना खड्डा होता. त्यात काय आहे ते कुणालाच नेमके माहीत नव्हते. ‘तत्कालीन नियमांनुसार’ असे दोन शब्द घालून मी ते पान पुढे ढकलले. नियमात ते बसत होते. त्या गावात मी नंतर कधी गेलो नाही.

कंपन्यांनी वाढू नये, असे माझे मत नाही. नायलॉनच्या दोराने गिर्यारोहक वाचले, केव्हलारच्या जाकिटाने पोलीस वाचले, आणि आपल्यापैकी अनेकांची घरे याच वाढीवर उभी राहिली. विविधीकरण, संशोधन, विस्तार या तिन्ही भिंती खऱ्याच आहेत, पक्क्याही आहेत. आपली मुले आता सल्लागार कंपन्यांत जातात, वाढीचे आराखडे करतात. त्यांना चँडलर जरूर द्यावा, हाउन्शेल-स्मिथ द्यावा. त्यांच्याशेजारी बिलटही ठेवावा, आणि एकदा हॅगलीला नेऊन उघडी बाजू कोणाकडे आहे ते पाहायला सांगावे. आराखड्यात त्या बाजूला कोण राहते, आणि काही बिघडले तर त्याला किती दिवसांत कळेल, एवढे दोन रकाने त्यांनी वाढवले तरी पुष्कळ झाले.

भाई परत गेल्यावर १९९५ च्या त्या पत्राला मी पुरवणी लिहिली. दीड पानाची. पाण्याबद्दलचे माझे वाक्य खोटे होते आणि ते लिहिण्याचा मला अधिकार नव्हता, एवढेच तिच्यात होते. पंधरा-वीस दिवसांनी फोन झाला. “पत्र मिळालं, भावोजी,” ते म्हणाले. मग बराच वेळ सुपारीच्या भावाबद्दल बोलले. फोन ठेवताना म्हणाले, “झऱ्याला यंदा पाणी बरं आहे. या एकदा.”